जुनेरांचं कुंपण

दिगंबरनं ट्रकमधून सात रानडुकरं आणून आपल्या रानात उतरवली, तेव्हा हौसाबाई मेस्किटच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. पहिलं डुक्कर फळीवरून खाली आलं, नाक वर करून त्यानं वास घेतला आणि कान ताठ करून थेट त्यांच्याकडे बघितलं. हौसाबाईंनीही बघितलं. ओळख पटायला दोघांनाही वेळ लागला नाही.

"दिगू," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापानं जन्मभर पत्र्याचा डबा बडवत यांना शेताबाहेर हाकललं. भुईमूग राखायला पावसात माळ्यावर बसून बसून त्याला दमा लागला. आणि तू यांना गाडीत घालून घरी आणतोस? जावई असल्यासारखं?"

"आई, ही ओरिजिनल आहेत," दिगंबर म्हणाला. "प्युअर वाइल्ड बोअर. मूळची युरोपातली. आजूबाजूला फिरतात ती सगळी पळून गेलेली गावठी डुकरं, मिक्स झालेली. यांच्यात भेसळ नाही."

"म्हंजे खानदानी चोर."

दिगंबर हसला. हौसाबाईंनी तोंड फिरवलं, कारण त्याला हसताना बघून त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं होतं आणि ते त्याला दाखवायची त्यांची इच्छा नव्हती.

तो तीन महिने हसला नव्हता. शहाऐंशी साल होतं. तेलाचे भाव पडले, आणि ह्यूस्टनच्या ज्या तेलाच्या कंपनीत दिगंबर सतरा वर्षं इंजिनिअर होता, तिनं मार्चमधल्या एका शुक्रवारी त्याच्या मजल्यावरच्या सगळ्यांना सामान भरायला खोकी देऊन कायमचं घरी पाठवलं. दिगंबर खोकं घेऊन शुगर लँड या उपनगरातल्या घरी आला, ते गॅरेजमध्ये ठेवलं आणि टीव्हीसमोर बसला. पुढं मेही उलटला तरी तो तिथंच. दाढी वाढली. जेवायला हाक मारली की यायचा, वाढलं ते खायचा, मीठ कमी का जास्त तेही सांगायचा नाही. सून सुचित्रा बँकेत नोकरीला जायची, ती संध्याकाळी येऊन त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करायची आणि दमून उठायची. हौसाबाई शिकल्या होत्या तिसरीपर्यंत, पण माणसं त्यांनी पुष्कळ वाचली होती. माणूस रडला तर त्याला पदर देता येतो, ओरडला तर दुप्पट ओरडता येतं. नुसता बसला तर त्याच्यापुढं आईचीसुद्धा विद्या संपते.

शुगर लँडपासून सव्वा तासावर, ब्राझोस नदीच्या अलीकडं, दिगंबरनं फार वर्षांपूर्वी चाळीस एकर झाडोरा घेऊन ठेवला होता. तिथं राहण्याजोगा एक जुना ट्रेलर होता, मधून एक ओढा वाहायचा, आणि जून महिन्यात जवळचं एक रँच, पैसे घेऊन शिकार करू देणारं रान, बंद पडलं. मालक जुनी तार विकत होता म्हणून सुचित्रानं दिगंबरला जवळजवळ ढकलून तिकडं पाठवला. मालक म्हणाला, तार घेऊन जा, उरलेल्या सात डुकरांवर मी शनिवारी कुत्री सोडणार आहे. दिगंबर तार घेऊन आला, आणि डुकरंही घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठून त्यानं दाढी केली.

डुकरं आधी जुन्या तारेच्या लहान वाड्यात कोंडली आणि मग त्यानं कुंपण घातलं. तसलं कुंपण हौसाबाईंनी पाहिलं नव्हतं. जाड लोखंडी जाळी, दोन फूट जमिनीत पुरलेली, की खालून उकरता येऊ नये. ओढा जिथून कुंपणाखालून बाहेर पडायचा, तिथं त्यानं लोखंडी गजांचं एक टांगतं फाटक बसवलं. पाणी वाढलं की ते पुढं झुलायचं आणि ओसरलं की आपलं आपण बंद व्हायचं. त्याचं चित्र त्यानं सात वेळा काढलं होतं. जेवताना तो त्या फाटकाबद्दल बोलायचा आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणायचा. हौसाबाई म्हणायच्या, "कमीच हाय. खा गपगुमान." आणि मनातल्या मनात देवाला हात जोडायच्या.

त्यांनी हट्टानं ट्रेलरमध्येच मुक्काम ठोकला. दारात मिरच्या आणि मेथी लावली. सात डुकरांतली एक डुकरीण अंगानं मोठी, चालताना खांदे असे टाकायची की बाकीची आपोआप बाजूला व्हायची. हौसाबाईंनी तिचं नाव पाटलीण ठेवलं. ऑगस्टमध्ये पाटलिणीनं गवत गोळा करून घरटं केलं आणि पाच पिल्लं घातली, पडवळासारखी पट्टेरी. दिगंबर दुर्बीण घेऊन झाडावर बसून त्यांना बघायचा. त्याचे एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाशी फोन सुरू झाले होते. ही जात अशीच शुद्ध सांभाळली तर पुढं काय काय करता येईल, याच्या वह्या भरत होत्या.

महाराष्ट्र मंडळात मात्र कुजबुज झाली. वसुधा म्हणून एका डॉक्टरची बायको होती, मूळची पुण्याची. मंडळाचं पान तिच्यावाचून हलायचं नाही. तिनं एका हळदीकुंकवाला विचारलं, "काकू, तुमच्या फार्मवर म्हणे पिग्ज ठेवलेत?"

"पिग गटारात लोळतं, बाई," हौसाबाई म्हणाल्या. "आमची रानडुकरं हायत. राजे लोक यांच्या शिकारीला घोड्यावर जायचे. तुझ्याकडं मांजर हाय न्हवं? त्याच्यामागं कोण घोड्यावर गेलं होतं का कधी?"

गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण "आमची" म्हणालो.

आता चूक कशी झाली ते ऐका.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. तीनशे पानांचा स्वयंपाक केला होता. त्या शनिवारी सकाळपासून असा पाऊस कोसळला की निम्मी माणसं घरातून निघालीच नाहीत. संध्याकाळी दोन पातेली मसालेभात, एक मोठं भांडं शिरा आणि बटाट्याची भाजी उरली. लोकांनी न्यायची तेवढी नेली. मग वसुधानं कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणल्या.

हौसाबाई पातेल्यापुढं उभ्या राहिल्या. "देवाचा प्रसाद काळ्या पिशवीत? मढं गुंडाळतात तसा?"

"काकू, फ्रीज फुल आहेत सगळ्यांचे. हॉल नऊला रिकामा करायचाय."

"पातेली गाडीत घाला," हौसाबाई सुचित्राला म्हणाल्या.

डुकरांना हे घालायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. दिगंबरनं बजावलं होतं: शिजवलेलं, तिखटमिठाचं काही द्यायचं नाही, माणसाच्या हातच्या अन्नाची चटक लागली की रानटी जनावराचं भय मोडतं. हौसाबाईंनी मुलाचा शब्द अक्षरशः पाळला. कुंपणाच्या आत एक शीतही टाकलं नाही. रविवारी दुपारी दिगंबर मका आणायला गावात गेला होता, तेव्हा दोघी सासूसुनांनी पातेली उचलून नेली आणि ओढा कुंपणाबाहेर पडतो तिथं काठावर, स्वच्छ दगडांवर, सगळा प्रसाद ठेवला. गावाकडं उरलेला प्रसाद असाच वाहत्या पाण्याकाठी ठेवत. पाखरं खातात, मुंग्या खातात, मासे खातात. हौसाबाईंनी हात जोडले. साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास वाऱ्याबरोबर टांगत्या फाटकातून आत गेला, तो त्यांना दिसला नाही.

सोमवारी सकाळी फाटकाचे दोन गज वाकलेले होते आणि ते बिजागरातून उचललेलं होतं. दगड चाटूनपुसून लख्ख. सातही डुकरं बाहेर गेली होती. दिगंबरनं मक्याची बादली वाजवली तशी दुपारपर्यंत सहा आपणहून परत आली आणि त्यानं मोडक्या फाटकाआड तात्पुरत्या फळ्या ठोकल्या. पाटलीण आणि तिची पाच पिल्लं आली नाहीत. ती ओढ्यापलीकडच्या दाट झुडपांच्या जाळीत शिरली होती, आणि जाळीच्या पलीकडं शेजारच्या मिसेस कुबेना यांचा भुईमूग काढणीला आला होता.

कुबेनाबाई मंगळवारी आल्या. सत्तरीच्या विधवा, उन्हानं रापलेल्या, अजून स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या. त्यांनी आपल्या पिकअपमधून उपटलेल्या वेलींचा भारा काढला आणि ट्रेलरच्या पायरीवर टाकला. शेंगांची जागा रिकामी होती. त्या फार बोलल्या नाहीत. रविवारी सकाळी त्यांचे दोन पुतणे शिकारी कुत्री घेऊन येणार होते. तोवर डुकरं आत गेली तर गेली, नाहीतर कुत्री काय करायचं ते करतील.

दिगंबर हातात टोपी धरून "येस मॅम, येस मॅम" म्हणत राहिला. ते दोन दिवस त्यानं बादली वाजवून वाजवून पोचे पाडले. पाटलीण जाळीतून बाहेर आली नाही. बुधवारी संध्याकाळी तो पायरीवर बसला. ते बसणं हौसाबाईंनी ओळखलं. मार्चमधलं बसणं होतं ते.

"माझं कॅलक्युलेशन चुकलं," तो म्हणाला. "ते गेट उचललं जायलाच नको होतं. किती वेळा बघितलं मी. कुठं चुकलं तेच सापडत नाही." त्यानं पोचे पडलेली बादली बाजूला सारली. "शेजारच्या काउंटीत एक शिकारवाला आहे. उरलेली सहा त्याला देऊन टाकतो. जमत नाही मला, सुचित्रा. कंपनीनं मला काढलं ते काही उगाच नाही."

सुचित्रा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. तिनं सासूकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मी अजून मेले न्हाई," हौसाबाई म्हणाल्या.

पण लगेच उठवेना. अख्ख्या जन्मात त्यांनी कुणाला "माझं चुकलं" म्हटलं नव्हतं. नवऱ्याला नाही, जावेला नाही, गावच्या पंचांना तर नाहीच. ते दोन शब्द त्यांच्या घशात आंब्याच्या कोयीसारखे अडकले होते. सोमवारपासून त्या स्वतःशी म्हणत होत्या, डुकरंच ती, आज ना उद्या गेलीच असती. आता पायरीवरची ती वाकलेली पाठ बघून त्यांना कळलं की ही कोय गिळून चालायची नाही, बाहेरच काढावी लागेल.

"दिगू. तुझं फाटक न्हाई चुकलं. तुझी आई चुकली."

"म्हणजे?"

"रविवारी गणपतीचा उरलेला प्रसाद मी ओढ्याकाठी ठेवला. फाटकाच्या तोंडाशी. बाहेरच्या अंगाला."

दिगंबर वळला. "कसला प्रसाद?"

"मसालेभात."

"मसालेभात?"

"आणि शिरा," सुचित्रा कणकेच्या परातीत बघून म्हणाली.

"साजूक तुपातला," हौसाबाईंनी पुरं केलं. लपवायचं नाही असं ठरलं की मग काहीच मागं ठेवायचं नाही.

दिगंबर उठला. आणि मग तो ओरडला. "तीन दिवस! तीन दिवस मी ते गेट खोलून बसलोय, आई! प्रत्येक वेल्ड चेक केलं! मला वाटलं मला साधा लोड काढता येत नाही आता! अन् तुम्ही दोघी इथं बसून पोळ्या लाटताय!" ओढ्यापलीकडचे बगळे उडाले. मार्चपासून त्याचा आवाज एवढा चढला नव्हता. हौसाबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. एरवी अर्ध्या वाक्यातच त्यांनी त्याला गप्प केला असता. आज त्यांना तो आवाज सनईसारखा गोड लागत होता.

त्याचा श्वास संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं? आता ऐक. शिऱ्याच्या वासापायी सात जणांनी जोर लावला, तेव्हा कुठं दोन गज वाकले. साध्या मक्यापायी वाकले असते का?"

दिगंबर ओढ्याकडं बघत म्हणाला, "...नाही. सात जणांचा लोड मी धरलाच नव्हता. एका वेळी दोन धरली होती. बाहेरून थांबवणारा एक आडवा बार टाकला तर..."

"तो तू टाक. पाटलिणीला आत आणायचं माझ्याकडं लागलं. दोन पिंप मका भिजत घाल. त्यात ताक आणि गूळ टाक, अन् उन्हात ठेव. शनिवारपतुर असा आंबेल की नदीपलीकडनं वास यावा."

गुरुवारी सकाळी हौसाबाई डबा घेऊन कुबेनाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायचं नसतं, म्हणून शेंगदाण्याचे लाडू केले होते. भाषांतराला सुचित्रा होती.

"यांना सांग, चूक माझ्या लेकाची न्हाई, माझी हाय. मी म्हातारी, मला वाटलं मला सगळं कळतं. तुमच्या पिकाचं नुकसान माझ्यामुळं झालं, त्याची मला लाज वाटते."

सुचित्रा इंग्रजीत बोलली. हौसाबाईंनी कान दिला आणि म्हणाल्या, "मी एवढं बोलले, तू दोन शब्दांत कसं उरकलंस? लाज सांगितलीस का?"

"सांगते, आत्याबाई."

"पयली लाज सांग."

कुबेनाबाई दोघींकडं आळीपाळीनं बघत होत्या. त्यांनी एक लाडू उचलला, फोडला, वास घेतला, खाल्ला. मग विचारलं, अन्न ओढ्यावर कशाला ठेवलं? सुचित्रानं सांगितलं की आमच्यात अन्न फेकत नाहीत.

कुबेनाबाई दुसरा लाडू घेत म्हणाल्या, "माझी आईसुद्धा फेकत नव्हती. पण ती शेजाऱ्याच्या पिकाच्या तोंडाशी नेऊन ठेवत नव्हती."

हे सुचित्रानं भीतभीत सांगितलं. हौसाबाईंनी मान हलवली. "बाई तिखट हाय. शेती जमणार हिला."

रविवार मात्र हलला नाही. पुतणे निघणार ते निघणारच. तेवढ्यात काय करायचं ते करा, माझ्या रानात पाय टाकायला परवानगी आहे, एवढंच त्या म्हणाल्या. आणि डबा ठेवून घेतला.

हौसाबाईंचा बेत असा होता. गावाकडं भुईमुगाभोवती जुनेरं बांधत, म्हणजे नेसून विटलेली लुगडी. वाऱ्यावर कापड फडफडलं, त्याला माणसाचा वास असला, की डुक्कर बिचकतं आणि त्याच्या कडेकडेनं चालतं. ओलांडत नाही. तेव्हा जाळीपासून कुंपणाच्या वरच्या फाटकापर्यंत दोन बाजूंना जुनेरांच्या भिंती उभ्या करायच्या. एका भिंतीपलीकडं कुबेनाबाईंचा भुईमूग, दुसरीपलीकडं रस्ता. मधल्या वाटेवर आंबलेला मका. पाटलिणीला वाटलं पाहिजे की आपण आपल्या मनानं चाललोय. पाटलिणींना तसंच न्यावं लागतं, हे हौसाबाईंइतकं कुणाला ठाऊक?

दिगंबरनं पावलं मोजली. "एका बाजूला दोनशे यार्ड. साधारण सत्तर साड्या लागतील."

"नऊवारी असत्या तर पंचेचाळिसांत भागलं असतं," हौसाबाई म्हणाल्या. "सुचित्रा, त्या मांजरवालीला फोन लाव."

सुचित्रानं वसुधाला फोन केला. बेत ऐकून वसुधा म्हणाली, "डुकरांसाठी साड्या?" फोन हौसाबाईंनी घेतला. "वसुधा, काळ्या पिशव्या तू आणल्या होत्यास, अन् तुझं ऐकलं असतं तर ही पाळी आली नसती. हे मी तुला एकदाच सांगणार, म्हणून नीट ऐकून ठेव. आता साड्या घेऊन ये."

शनिवारी सकाळी पाच गाड्या धुरळा उडवत आल्या. प्रत्येकीकडं सुटकेस होती आणि सुटकेशीत आहेराच्या साड्या. अमेरिकेत आलेल्या प्रत्येक मराठी घरात अशा साड्यांची एक सुटकेस असते. भारतवारीत मिळतात, नेसवत नाहीत, टाकवत नाहीत, आणि पुढच्या बारशाला कुणाच्या तरी ओटीत जातात. नायलॉनच्या, झगझगीत, इस्त्रीची घडी न मोडलेल्या.

"घडी मोडा," हौसाबाईंनी हुकूम सोडला. "अंगाला गुंडाळा, घाम पुसा, मग बांधा. कोऱ्या कापडाला माणसाचा वास येत न्हाई."

दुकानात पदर तपासणाऱ्या बायका टेक्ससच्या उन्हात नवी साडी घेऊन मान पुसायला लागल्या. खांब दिगंबरनं आधीच ठोकले होते. अर्ध्या तासात वसुधा थबकली. तिच्या हातात जांभळी, पिवळ्या ठिपक्यांची साडी होती, रेखाच्या सुटकेशीतून आलेली.

"रेखा, ही मी तुला तुझ्या विनयच्या मुंजीत दिली होती!"

रेखा लाल झाली. "अहो, पण तुम्हाला ती सुलेखानं दिली होती. घडीत तिच्या नावाची चिठ्ठी होती."

"मला जावेनं दिली," सुलेखा म्हणाली. "अन् तिला ती कुणी दिली ते विचारू नका, कारण मला वाटतं मीच दिली होती."

हौसाबाईंनी ती साडी घेतली आणि खांबाला गुंडाळली.

"बरं झालं," हौसाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बिचारी घरोघर हिंडली. आज तिला कुणीतरी नेसतंय. खांब का असेना."

मग जो हशा उठला, तो कुबेनाबाईंच्या ओसरीपर्यंत गेला असावा, कारण थोड्या वेळानं त्या ट्रॅक्टरवर बसून आल्या आणि आपल्या बाजूला सावलीत ट्रॅक्टर बंद करून बघत राहिल्या.

चार वाजेपर्यंत रानात दोन रंगीत भिंती उभ्या होत्या. आधीची सहा डुकरं दिगंबरनं आतल्या भागात कोंडली. वरचं सरकतं फाटक उचलून त्याचा दोर झाडावर नेला आणि तो स्वतः दोर धरून फांदीवर बसला. आंबलेल्या मक्याची धार त्यानं जाळीपासून फाटकाच्या आतपर्यंत सोडली होती. त्या वासानं बायकांनी गाडीच्या काचा वर केल्या. हौसाबाई तेवढ्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, खुर्चीवर.

ऊन कललं तशी जाळी हलली. आधी नाक बाहेर आलं, मग खांदे. पाटलिणीनं मका हुंगला. खाल्ला. दोन पावलं पुढं आली. मागं पाच पडवळं. वारा सुटला, साड्या फडफडल्या, तशी ती थांबली, उजवीकडं वळली, जांभळ्या साडीपाशी नाक नेलं, फुरफुरली आणि मागं सरली. पुन्हा मका. पुन्हा चार पावलं. अर्धी वाट झाली. हौसाबाईंच्या हातातली जपमाळ कधीच थांबली होती.

तेवढ्यात एक पिल्लू साडीच्या काठाखालून सर्रकन पलीकडं गेलं. थेट भुईमुगात.

पाटलिणीनं डोकं वर केलं आणि घशातून आवाज काढला. पिल्लू आलं नाही. तिचे मानेवरचे केस उभे राहिले. आता ती मुसंडी मारून साड्या फाडत पलीकडं जाणार, हे हौसाबाईंना दिसत होतं, आणि पिल्लाच्या मागं गेलेल्या डुकरिणीला जगातलं कुठलंही जुनेर थांबवत नाही हेही ठाऊक होतं. ओरडावं तर ती उधळणार. न ओरडावं तर पिल्लू कुबेनाबाईंच्या ट्रॅक्टरपाशी पोचलं होतं.

कुबेनाबाई ट्रॅक्टरवरून हळूच उतरल्या. हातात काही नव्हतं. त्यांनी डोक्यावरची गवती टोपी काढली आणि जमिनीलगत, कोंबडी खुराड्यात घालावी तशी, दोनदा हलवली. पिल्लू दचकलं, फिरलं आणि आल्या वाटेनं साडीखालून आईच्या पोटाशी घुसलं.

पाटलीण अजून काही क्षण तशीच उभी होती. मग तिनं खांदे टाकले आणि मका खात, आपल्या मनानं चालल्यासारखी, फाटकातून आत गेली. दिगंबरनं घाई केली नाही. एक, दोन, तीन, चार. पाचवं मागं रेंगाळत होतं, तेच ते, मघाचं. दोर ताणलेला, हात स्थिर. पाचवं आत आलं आणि फाटक पडलं.

गाड्यांची दारं एकदम उघडली. वसुधा टाळ्या वाजवत धावत आली आणि मक्याच्या राड्यात चप्पल हरवून बसली. हौसाबाईंनी कुणाला न दिसेल असा पदर डोळ्यांना लावला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आंबलेल्या मक्याचा वास डोळ्यांत झोंबतो मेला."

कुबेनाबाईंनी जाताना एवढंच विचारलं, की माझ्या बाजूच्या साड्या शेंगा निघेपर्यंत राहू देता का? रात्री हरणं येतात.

"ठेवा म्हणावं," हौसाबाई म्हणाल्या. "परत मागणारी एकपण न्हाई यांच्यात."

रविवारी सकाळी पुतणे आले, उंच, तांबडे, पिंजऱ्यात चार कुत्री घेऊन. काम नाही म्हटल्यावर त्यांची तोंडं जरा उतरली. मग त्यांनी ओढ्यावरचं वाकलेलं फाटक बघितलं आणि विचारलं, हे कुणी बनवलं? दिगंबरनं सांगायला सुरुवात केली. ओल्या वाळूत काडीनं चित्र काढलं. सात डुकरांचा जोर किती, आडवा बार कुठं, पूर आला तर काय. थोरला पुतणा म्हणाला, आमच्या काकूच्या खालच्या रानातही ओढा आहे, तिथं असलं बसेल का? दिगंबर म्हणाला, तिथं वेगळं लागेल, बघायला यावं लागेल. धाकट्यानं तोवर गुडघाभर पाण्यात उतरून पहार हातात घेतली होती.

हौसाबाई काठावर आल्या. त्यांनी एक डोळा मिटून आडव्या बारासाठी रोवलेल्या नव्या खांबाकडं बघितलं.

"दिगू, खांब वाकडा हाय."

"सरळ आहे, आई. लेव्हल लावलीय," दिगंबर मागं न बघताच म्हणाला आणि पुढच्या खड्ड्याचं माप घ्यायला वाकला.